पारसिकच्या पायथ्याची ती भट्टी सिमेंटची आहे का, आणि तिचं आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या बाजूच्या झाडीत तुमच्या भटक्या मंडळींना एक गोल दगडी बांधकाम सापडलं. दीड पुरुष उंच, वरून उघडं, तळाशी छोटं कमानीचं तोंड. शेजारी पांढुरक्या मातीचा उंचवटा आणि त्यात शिंपल्यांचे तुकडे. इकडेतिकडे काळे, चमकदार गोळे. मागे उभा कापलेला कडा, त्यात भोकांच्या रांगा. कड्याखाली पाणी साठलेली खाण आणि बोल्ट बाहेर आलेले काँक्रीटचे ठोकळे. गटातल्या एकाने परदेशातल्या जुन्या सिमेंट भट्ट्यांचे फोटो पाहिले होते, त्यावरून 'ब्रिटिश काळातला सिमेंट कारखाना' असं नाव पडलं. आता पावसाळ्याआधी श्रमदान करून जागा स्वच्छ करायची आणि फलक लावायचा असा बेत आहे.

निष्कर्ष आधी सांगतो. तो सिमेंटचा कारखाना नाही. तिथे वेगवेगळ्या काळातली दोन कामं शेजारी शेजारी पडलेली आहेत: शिंपल्यांचा चुना भाजायची भट्टी, आणि बहुतेक तिच्यानंतरची दगडखाण व खडी क्रशर. दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. श्रमदान पुढे ढकला. तुम्ही 'कचरा' म्हणून जो पांढुरका उंचवटा हलवणार आहात, तोच त्या जागेचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. भिंत पडली तरी पुन्हा रचता येते. ढिगाऱ्याचे थर एकदा फावड्याने उलटेपालटे झाले की ते कायमचे गेले. मी उमेदवारीची वर्षं सिमेंटच्या प्रयोगशाळेत काढली आणि नंतरची जुन्या चुन्याच्या बांधकामांच्या दुरुस्तीत. उत्साहाने साफ केलेल्या आणि त्यामुळे मुक्या झालेल्या जागा मी बऱ्याच पाहिल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला पुरावा पायाखालचाच आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा, पलीकडे ऐरोली-तुर्भे-बेलापूर हा सगळा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. सिमेंटला लागतो चुनखडीचा दगड, आणि तोही भरमसाट: एक टन सिमेंटमागे साधारण दीड टन. इतका दगड लांबून वाहून आणणं परवडत नाही, म्हणून सिमेंटचा कारखाना बाजारपेठेजवळ न जाता चुनखडीजवळ जातो. भारतातले सुरुवातीचे यशस्वी कारखाने बघा: पोरबंदर १९१४ साली सुरू झाला, त्यामागोमाग कटनी, मग १९१७ मध्ये राजस्थानातलं लाखेरी. सगळे चुनखडीच्या उशाशी. महाराष्ट्रातही सिमेंटचे मोठे कारखाने दिसतात ते चंद्रपूरकडे, घुग्गुस आणि आवारपूरच्या बाजूला, कारण चुनखडीही तिथे आहे आणि कोळसाही. मुंबईसारखं गिऱ्हाईक दाराशी असूनही पारसिकच्या पायथ्याला भट्टी लावून सिमेंट करणं कुणालाच जमणारं नव्हतं. बाहेरून क्लिंकर, म्हणजे भाजून तयार झालेले पण न दळलेले सिमेंटचे गोळे, आणून ते फक्त दळायचा कारखाना इथे निघू शकतो, पण त्याला भट्टी लागत नाही. ठाण्याचं सिमेंटशी नातं आहे, पण ते वेगळं: एसीसी कंपनीचं केंद्रीय संशोधन केंद्र १९६५ साली ठाण्यात उभं राहिलं.

भूगर्भाचा पुरावा ऐकून 'पण कुणी प्रयोग म्हणून तरी...' अशी शंका राहते. ती तुम्हीच पाठवलेल्या फोटोने मिटवली. तिसऱ्या फोटोत भट्टीची आतली बाजू दिसते. अस्तर काळ्या दगडाचं आहे. दगडांच्या कडा अजून धारदार आहेत आणि खालच्या दोन थरांवर टाकीचे घाव स्पष्ट मोजता येतात. आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. शिंपला किंवा चुनखडी भाजून तिचा चुना व्हायला साधारण ९०० अंश सेल्सिअस पुरतात. सिमेंटचा क्लिंकर तयार व्हायला सुमारे १४५० अंश लागतात. आणि बेसॉल्ट? तो ११०० ते १२०० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. म्हणजे त्या भट्टीत कुणी खरोखर सिमेंट भाजलं असतं, तर आधी भट्टीच विरघळून खाली आली असती. टाकीचा घाव शाबूत आहे याचा अर्थ ती भिंत त्या तापमानाच्या जवळपासही गेलेली नाही. माझ्या लेखी एवढा एक फोटो पुरेसा आहे.

सिमेंटच्या भट्टीला आतून अग्निरोधक विटा लागतात. या विटांवर बहुधा कारखान्याचं नाव ठसवलेलं असतं आणि त्यावरून काळ लावता येतो. वापरलेल्या विटेच्या तोंडावर हिरवट-काळी काचेसारखी साय चढते, कधी तिला क्लिंकरचा गोळा चिकटून राहतो. तुमच्या जागेवर अशी एकही वीट दिसली नाही. सापडली तर तिच्या ठशाचा फोटो मात्र नक्की घ्या, कारण क्रशरवाल्यांनी कुठून तरी जुन्या विटा आणून वापरल्या असणंही शक्य आहे.

आता ते काळे गोळे. यावरच तुमच्या गटाचा सगळा भर आहे, म्हणून तीन शक्यता नीट वेगळ्या करून घ्या. खरा क्लिंकर सुपारी ते आवळ्याएवढा, करडा-काळा, हिरवट झाकेचा आणि हाताला वजनदार असतो. पावसात पडून राहिला की त्याच्यावर पांढरट कवच येतं आणि शेजारचे दाणे एकमेकांना धरतात, कारण पाणी लागलं की जमायचं हा त्याचा स्वभावच आहे. शंभर पावसाळे सोसून तो सुटा, चकचकीत राहणार नाही. दुसरी शक्यता म्हणजे भट्टीतली खंगर: जळणाची राख, माती आणि चुना एकत्र वितळून झालेला गोळा. तो बुडबुड्यांनी भरलेला, हलका, तोडला तर काचेसारखा फुटणारा. तुमच्या फोटोतले निम्मे गोळे असे दिसतात. बाकीचे तर नैसर्गिक दगड आहेत. आपल्या बेसॉल्टमध्ये वायूच्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. पुष्कळ लोक त्यांना 'आत अडकलेला चुना' समजतात. त्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर कॅल्साइट, काहीच झालं नाही तर झिओलाइट किंवा गारगोटीचा प्रकार. दोन्ही डोंगराचेच, माणसाने भाजलेले नव्हेत. कडक ॲसिड घेऊन जाऊ नका, त्याची गरज नाही.

तुमच्या मित्राने पाहिलेले फोटो कुठले असतील याचा अंदाज येतो. इंग्लंडमध्ये थेम्सकाठी नॉर्थफ्लीटला बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्टीचा अवशेष जपून ठेवलाय. जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये लीड्स शहरात पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, पण आज आपण ज्याला पोर्टलँड सिमेंट, म्हणजे बांधकामातलं नेहमीचं सिमेंट, म्हणतो त्याच्या जवळ जाणारा, जास्त कडक भाजलेला माल काढला तो त्याच्या मुलाने, विल्यम ॲस्पडिनने. १८४० च्या दशकात त्याने नॉर्थफ्लीटला भट्ट्या चालवल्या. तिथे खाली खडूचा दगड, शेजारी नदीचा गाळ आणि दाराशी जहाजं, अशी तिन्हींची सोय होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कोप्ले गावात तर नऊ उंच विटांच्या भट्ट्या एका ओळीत उभ्या आहेत. १८९३ च्या सुमाराला बांधल्या आणि दहा-बारा वर्षांत निकामी ठरल्या, कारण आडव्या फिरत्या भट्टीने, म्हणजे रोटरी किल्नने, त्यांना मागे टाकलं. कारखाना गेला, भट्ट्या उरल्या आणि त्यांच्याभोवती सार्वजनिक बाग झाली.

अशा जागी फक्त भट्टी नसते, हे लक्षात घ्या. चुनखडीची अफाट खाण, तिथून भट्टीपर्यंत आलेला छोट्या रुळांचा मार्ग, दगड आणि माती पाण्यात कालवायची गोल टाकी, तो लगदा वाळवायचं फरसबंद मैदान, दळायची गिरणी, उंच धुराडं, धक्का किंवा रेल्वेची साइडिंग, हा सगळा पसारा लागतो. शिवाय भिजून दगड झालेल्या सिमेंटच्या गोणी हमखास सापडतात. ताग कधीच कुजून जातो, पण गोणीचा आकार आणि तिच्या विणीचा ठसा त्या गोळ्यावर तसाच राहतो. त्याआधीच्या काळात सिमेंट लाकडी पिपांतून यायचं, म्हणून पिपाच्या आकाराचे गोळेही मिळतात. पारसिकला यातलं काहीच दिसत नाही.

पण 'फक्त चुनाभट्टी' म्हणून हिरमुसू नका. आमच्या ठाण्याच्या दृष्टीने ही भट्टी सिमेंटच्या कारखान्यापेक्षा जास्त जवळची आहे. इथे चुनखडी नाही, पण खाडी आहे, आणि खाडीत शिंपले, कालवं, तिसऱ्या यांचे थर आहेत. शिंपला म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. देशावर काळ्या मातीतल्या चुनखडीच्या गाठी भाजत, कोकणपट्टीत शिंपले भाजत. वसई, घोडबंदर, ठाण्याचा किल्ला (ज्यात आज कारागृह आहे), गावोगावच्या विहिरी, देवळं, वाडे, सगळं या चुन्यावर उभं राहिलं. १८५३ मध्ये रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. तेव्हाच्या दगडी बांधकामातही चुनाच होता. भारतात सिमेंटचे यशस्वी कारखाने सुरू व्हायला अजून साठ वर्षं होती.

भट्टी चालायची कशी ते समजलं की तुम्हाला जागा वाचता येईल. वरच्या उघड्या तोंडातून जळण आणि धुतलेले शिंपले यांचे आलटून पालटून थर भरायचे. खालच्या कमानीतून हवा आत जायची आणि भाजून झालेला माल त्याच तोंडातून ओढून काढायचा. म्हणून कमानीसमोरची जमीन नेहमी जरा खोलगट आणि तुडवून घट्ट झालेली असते. शंभर किलो शिंपल्यांतून भट्टीत ४४ किलो वायू उडून जातो, कळीचा चुना उरतो ५६ किलो. मग त्यावर पाणी मारायचं. तो तडतडत, वाफा सोडत फुलतो आणि त्याची पूड होते. पूड चाळायची. चाळणीवर उरलेले अर्धकच्चे शिंपले, खडे, राख भट्टीच्या एका बाजूला फेकायचे. तुमचा पांढुरका उंचवटा हाच. त्यात प्रत्येक भाजणीचा एकेक थर आहे: खाली कदाचित लाकडी कोळसा, वर दगडी कोळशाची राख, मध्ये कधी बंद पडलेल्या वर्षांची मातीची रेघ. कुठल्या जातीचे शिंपले वापरले यावरून खाडीची त्या वेळची तब्येत कळते. कोळशाचा तुकडा नीट मिळाला तर प्रयोगशाळेत काळही काढता येतो. एवढी माहिती भट्टीच्या भिंतीत नाही.

आणखी एक गोष्ट शोधा. भट्टीपासून फार लांब नाही अशा सपाट जागी जमिनीत दगडी चर गोलाकार गेलेला आहे का? हाताएवढा रुंद, पाच-सहा मीटर व्यासाचा. ती चुन्याची घाणी. मधल्या खुंटाला आडवं लाकूड, त्यात जड दगडी चाक, आणि बैल गोल फिरायचा. चुना, रेती आणि पाणी त्या चरात तासन्‌तास मळलं जायचं. चाक बहुतेक वेळा कुणीतरी उचलून नेलेलं असतं, कधी जवळच्या देवळाच्या पायरीत किंवा पारावर सापडतं. शिंपल्यांचा चुना फार शुद्ध असतो, म्हणून तो पाण्याखाली जमत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. धक्का, पूल, हौद अशा ओल्या जागी त्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, मिसळायचे. तेव्हा तो पाण्यातही धरतो. घाणीच्या चरात लालसर भुकटी दिसली तर ही भट्टी पाण्यातल्या कामासाठी माल करत होती असं मानायला जागा आहे. भट्टीच्याच भिंतीतला सुटलेला चुना बोटांत चुरडून भिंगाखाली पाहा. त्यात पांढरे, खडूसारखे ठिपके असतील. नीट न भाजलेल्या शिंपल्याची बारीक कपची, कधी तिची वळणदार रेषही दिसते. भट्टीने आपल्याच मालाने स्वतःला बांधलेलं असतं.

आता मागचा कडा. खाणीची भिंत वाचणं हे माझं आवडतं काम आहे, पण ते लांबून करा. कड्यावर भोकांच्या अर्ध्या नळ्या दिसतात ना, त्यांचा फोटो झूम करून बघा. हाताने, पहारीवर घण मारून पाडलेलं भोक पूर्ण गोल नसतं, किंचित तिकोनी होतं, आणि खोल जाताना वाकडं पडतं. कॉम्प्रेसरच्या ड्रिलचं भोक सरळ, एकसारखं गोल. सुरुंगाच्या साध्या काळ्या दारूने दगड ढकलला जातो, भोकाभोवती तडे कमी असतात. जिलेटिनच्या कांड्यांनी भोकापासून चहूबाजूंना किरणांसारखे तडे जातात. तुमच्या फोटोत कड्याच्या वरच्या, झुडपं वाढलेल्या भागात हाताने पाडलेल्या भोकांची खूण दिसते आणि खालच्या भागात ड्रिलच्या भोकांची. म्हणजे जुनी हातखाण वर होती, यांत्रिक खाण नंतर तिच्या पोटात खाली गेली. कुठे पाचरींच्या खाचांची सरळ रांग दिसली तर तिथे सुरुंग न लावता घडीव दगड काढलाय, जोत्याला, पायऱ्यांना लागणारा. काँक्रीटचे ठोकळे जॉ क्रशरचा, म्हणजे दगड जबड्यात धरून चिरडणाऱ्या यंत्राचा, पाया आहेत. तुटलेल्या कोपऱ्यातून सळई दिसत असेल तर पाहा: साधी गुळगुळीत गोल की पिळाची? पिळाच्या सळ्या आपल्याकडे साधारण १९६० च्या दशकापासून आल्या. त्यावरून क्रशर कधीच्या आधीचा नव्हे, एवढं तरी ठरेल.

या खाणीला दुय्यम समजू नका. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत खाडीपलीकडे नवी मुंबई हे पूर्ण शहर उभं राहिलं. त्या शहराचे रस्ते, इमारती, गटारं यांना लागलेली खडी याच डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना फुटली. तुर्भे, पावणे, बेलापूरकडच्या खाणी आणि ठाण्याच्या बाजूच्या खाणी ही एकाच डोंगराची दोन पोटं. आणि ती फोडली हातांनी. वडार समाजाची कुटुंबंच्या कुटुंबं खाणीच्या काठावर झोपड्या टाकून राहिली. पुरुष घण आणि सुरुंगावर, बाया खडी फोडायला आणि पाट्या वाहायला. त्यांच्याशी बोलल्याशिवाय या जागेचा इतिहास लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अजून त्या पिढीतली माणसं आहेत. मुंब्रा-कळव्याच्या वस्तीत, दिघा-ऐरोलीच्या बाजूला चौकशी केलीत तर सापडतील. अशाच एका आजींना मी विचारलं होतं, सुरुंग उडायच्या आधी पोरं कुठे ठेवायचात? त्यांनी हाताने दाखवलं: पाटी उलटी करून पोराच्या डोक्यावर, आणि आईने त्यावर वाकायचं. हे कुठल्या सरकारी कागदात लिहिलेलं नाही. जाताना रेकॉर्डर न्या, पण आधी परवानगी विचारा, नाव छापायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. आगरी-कोळी वाड्यांमध्येही विचारा. शिंपले कोण काढायचं, होडीने कुठल्या बंदराला उतरायचे, चुना कोण न्यायचं, हे त्यांच्या घरांत ठाऊक असतं.

कागदांपैकी आधी तलाठ्याकडचा गाव नकाशा, सातबारा आणि जुने फेरफार बघा. खाणपट्टा कुणाच्या नावे होता ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज शाखेत विचारा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवर खाणी आणि भट्ट्यांच्या खुणा असतात. दोन वेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की कुठली गोष्ट आधीची ते कळतं. १८८२ साली निघालेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर चाळा, पण त्यात नेमकी ही भट्टी सापडेल अशी आशा धरू नका.

आता श्रमदानाबद्दल. माणसं जमली आहेत, उत्साह आहे, तो वाया घालवायचा नाही. फक्त फावडी घरी ठेवा. पहिल्या दिवशी टेप, वही, कॅमेरा आणि मोजपट्टी न्या. भट्टीचा आतला व्यास, आत न उतरता जमेल तेवढ्या उंचींवर, मोजा, कमानीची रुंदी-उंची, भिंतीची जाडी. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशा. उंचवट्याचा कडा पावसाने आधीच कापलेला असेल तर तिथे थर उघडे दिसतील. त्याचे समोरून फोटो घ्या, तासू मात्र नका. प्लॅस्टिक आणि बाटल्या उचलायला हरकत नाही. मोबाइलवरचं ठिकाण नोंदवा, पण समाजमाध्यमांवर टाकू नका. 'गुप्तधन' या एका शब्दापायी रात्रीत खणलेल्या जागा आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत.

झाडं उपटू नका. भिंतीत उंबर किंवा पिंपळ असेल तर त्याचं मूळ आज त्या दगडांना फाडतंही आहे आणि धरूनही आहे. ओढलंत तर अर्धी भिंत हातात येईल. फांद्या छाटून वजन कमी करा, मूळ जाणकाराच्या देखरेखीखाली हळूहळू मारावं लागतं आणि सुटलेला सांधा त्याच वेळी भरावा लागतो. आणि हे भरण सिमेंटने करू नका. फलक लावायच्या घाईत लोक एक गोणी आणतात आणि सांधे लिंपून टाकतात. सिमेंटचा सांधा जुन्या चुन्यापेक्षा कितीतरी टणक आणि ओल न सोडणारा असतो. ठाण्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर खाडीची खारी हवा. आत गेलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, मग ते आतला मऊ चुना खातं. मीठ स्फटिक होऊन फुगतं आणि दोन-चार पावसाळ्यांत बाहेरून ठणठणीत दिसणारी भिंत आतून पोकळ होते. चुना, रेती, थोडी सुरखी, एवढंच हवं, आणि तेही नोंद पूर्ण झाल्यावर.

परवानगीशिवाय काही करू नका. पारसिकच्या उताराचा पुष्कळ भाग वनखात्याकडे आहे, खाडीकाठी खारफुटी असेल तर तिच्यापासून ५० मीटरच्या पट्ट्यात कामाला बंदी आहे. आधी सातबाऱ्यावरून जमीन कुणाची ते पाहा आणि त्या खात्याला लेखी कळवा. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयालाही फोटोसह पत्र पाठवा. १९६० च्या राज्य कायद्याखाली संरक्षित स्मारक म्हणून घोषणा होणं लांबचं आहे, पण पत्राची पोच तुमच्या हातात राहते. उद्या तिथे रस्ता रुंद करायचा झाला तर 'इथे काही होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं' असं म्हणता येणार नाही. महापालिकेच्या वारसा यादीसाठी अर्ज करायचा तर भट्टी, उंचवटा, घाणी सापडली तर ती, आणि कडा हे सगळं एकत्र मागा. नुसती भट्टी मागितलीत तर तिच्याभोवती कुंपण घालून बाकी सपाट करतील.

धोक्याबद्दल दोन शब्द, पण ते गटातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. खाणीच्या पाण्यात उतरायचं नाही. काठ उभा असतो, पाऊल टाकलं की खाली जमीनच नाही, आणि परत चढायला पकड मिळत नाही. दरवर्षी आपल्या भागात पोरं अशीच जातात. कड्यातल्या भोकांत काठी, सळई, बोट घालायचं नाही. न उडालेला सुरुंग आत असू शकतो. वायर किंवा कांडीसारखं काही दिसलं तर मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. जून ते सप्टेंबर कड्याखाली थांबूच नका. भट्टीच्या आत उतरण्याचा मोहही टाळा, कमानीच्या माथ्याचा एक दगड निसटलेला फोटोत दिसतोय.

फलकावर काय लिहावं असं विचारलंत. 'सिमेंट' हा शब्द काढा. 'शिंपल्यांचा चुना भाजण्याची भट्टी आणि दगडखाण' एवढं लिहा, काळाचा रकाना रिकामा सोडा आणि खाली 'ढिगाऱ्यातली माती हलवू नये' हे ठळक अक्षरांत. नमुने पाठवायचे असतील तर जमिनीवर सुटे पडलेलेच घ्या: दोन काळे गोळे, भिंतीतून आपोआप गळलेला चुन्याचा एक तुकडा, मूठभर शिंपले. प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात घाला, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. पाकिटावर जागा, तारीख आणि फोटोचा क्रमांक पेन्सिलीने लिहा. शाई पहिल्याच पावसात उतरते.